कर्व्यांचा खटला, बाबासाहेबांची वकिली आणि आपल्या घरातले मौन

१९३४ सालची गोष्ट आहे. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती मेहता यांच्यापुढे एक खटला उभा होता. आरोपी होते प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. आरोप अश्लीलतेचा, कलम २९२. आणि आरोपीच्या बाजूने काळा कोट चढवून उभे होते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

वाचक बंधुभगिनींनो, महाडचे चवदार तळे आपल्या लेकरांनाही पाठ आहे. काळाराम मंदिर, पुणे करार, येवल्याची घोषणा हे सारे जयंतीच्या प्रत्येक भाषणात येते. हा खटला मात्र सहसा येत नाही. कारण साधे आहे. तो सांगताना वक्त्याची जीभ अडखळते आणि समोर मायमाऊल्या बसलेल्या असतात. आम्ही तो याच कौटुंबिक पानावर सांगणार आहोत, कारण त्याचा संबंध घराशीच आहे.

कर्वे हे विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, देशातले पहिले. बाईने किती बाळंतपणे सोसायची हे तिला ठरवता आले पाहिजे, असे ते उघड बोलत. त्या बोलण्यापायी १९२५ साली नोकरी सोडावी लागली. मग जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक सुरू केले. हेच साल महाडचे आणि हेच ‘बहिष्कृत भारत’चे. एका बाजूला पाण्यावरची बंदी मोडली जात होती, दुसऱ्या बाजूला एक माणूस पदरमोड करून बोलण्यावरची बंदी मोडत होता.

मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांचे सदर असे. जे कोणी आईबापाला विचारू शकत नाही, डॉक्टरला विचारायला लाजतो, ते लोक कर्व्यांना कळवीत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. सनातनी मंडळींना हे खपले नाही. १९३१ साली एका लेखावरून त्यांना पकडले आणि शंभर रुपये दंड झाला. फेब्रुवारी १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली, ती वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यात एक विषय होता समलिंगी संबंधांचा, म्हणजे पुरुषाचे पुरुषावर आणि स्त्रीचे स्त्रीवर मन जडण्याचा.

बाबासाहेबांच्या हाताशी तेव्हा कामे थोडी नव्हती. गोलमेज परिषदा आटोपून फार दिवस झाले नव्हते. पुणे कराराच्या जखमा ओल्या होत्या. अस्पृश्यांचा प्रश्न डोक्यावर असताना एका ब्राह्मण प्राध्यापकाच्या अश्लीलतेच्या खटल्यात पडण्याची त्यांना काय गरज होती, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्या युक्तिवादातच आहे. फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत हा खटला चालला. बाबासाहेबांचे म्हणणे असे की कामजीवनावर लिहिले म्हणून कोणतेही लिखाण आपोआप अश्लील ठरत नाही. असे विकृत प्रश्न छापायचेच कशाला, असा कोर्टाचा सूर होता. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर होते की ज्याला विकृती म्हणता तीही ज्ञानानेच जाणार, अज्ञानाने नाही. लोकांच्या मनात प्रश्न आहेत तर उत्तर द्यायलाच हवे. पुढे त्यांनी हॅवलॉक एलिस या शास्त्रज्ञाच्या संशोधनाचा दाखला दिला. काही माणसांची ओढ जन्मतःच तशी असेल तर त्यात वाईट काय, त्यांना त्यांच्या परीने सुख मिळवू द्यावे, असे त्यांनी भर कोर्टात सांगितले.

१९३४ साली. ज्या साली समलिंगी संबंधाला या देशात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती!

खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण कर्व्यांनी मासिक बंद केले नाही. १९५३ साली डोळे मिटेपर्यंत ते चालवले.

आता जरा त्या काळच्या कायद्याकडे पाहू, कारण त्यातली मेख आपल्यासारख्या कष्टकऱ्यांनी ओळखली पाहिजे. अश्लील काय, हे ठरवायला इंग्रजांनी १८६८ सालच्या एका निकालाचे माप वापरले. हिक्लिन कसोटी त्याचे नाव. ज्यांच्या हाती हे पुस्तक पडण्याचा संभव आहे आणि ज्यांचे मन कच्चे आहे, त्यांच्यावर काय परिणाम होईल, तो पाहायचा. आता कच्च्या मनाचा कोण? साहेब नव्हे, प्राध्यापक नव्हे. कच्च्या मनाचा तो गिरणीतला कामगार, त्याची बायको, त्याची पोरे. शिकल्यासवरल्याने जाड इंग्रजी ग्रंथ वाचला तर ते शास्त्र, आणि मराठीतले स्वस्त मासिक मजुराच्या हाती पडले तर समाज बुडाला! ज्यांच्या पूर्वजांच्या कानाला अक्षर वर्ज्य होते, त्यांना हे माप नवीन नाही. स्वतंत्र भारताच्या सुप्रीम कोर्टानेही १९६४ साली मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला दोषी धरताना हेच माप कायम ठेवले. ते मोडीत काढले २०१४ साली.

बंदी म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. सरकारने बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ साली छापले तेव्हा राम आणि कृष्णावरचे परिशिष्ट गाळा म्हणून केवढा गदारोळ उठला होता. १९८८ च्या मोर्चाला ठाणे-कल्याणच्या वस्त्यांतून कोण कोण लोकलला लटकून गेले होते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ‘आमच्या भावना दुखावल्या’ ही आरोळी तेव्हाही होती. त्याच आरोळीने दहा वर्षांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, दीपा मेहतांच्या ‘फायर’ या चित्रपटाचे खेळ मुंबईत फोडले गेले. त्यात दोन जावांचे एकमेकींवर प्रेम जडते. सेन्सॉर बोर्डाने तो पास केला होता, तरी शिवसैनिक थिएटरांत घुसले आणि मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी त्यांचे अभिनंदन केले. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि १९९९ मध्ये काटछाट न होता परत लागला. २००३ साली ‘गुलाबी आईना’ नावाचा छोटा चित्रपट आला. त्याला तर सेन्सॉरने दाखलाच दिला नाही.

म्हणजे पाहा, एक कलम माणसाला गुन्हेगार ठरवीत होते आणि दुसरे कलम त्याच्याविषयी बोलणाऱ्याला. दोन्हींची जोडी जमली की त्या माणसाला आपल्यासारखे आणखी कोणी जगात आहे हेसुद्धा कळत नाही. १९९० साली अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक काढले, ते हा एकटेपणा फोडण्यासाठीच.

पहिले कलम ३७७. इंग्रजांनी ते १८६० च्या दंड संहितेत घातले. निसर्गक्रमाविरुद्धचा संबंध, अशी त्याची भाषा होती. खुद्द इंग्लंडने आपल्याकडचा तसा कायदा १९६७ साली सैल केला, आपण मात्र तो उराशी धरून बसलो. शिक्षा क्वचितच होई, पण धाक मोठा. दोन माणसे स्टेशनबाहेर बोलताना दिसली की ‘आत टाकू का, घरी कळवू का’ असे दरडावून खिसा रिकामा करणारे निघत. वर्दीतले असत आणि बिनवर्दीचेही. धमकीला वजन होते ते तुरुंगापेक्षा ‘घरी कळवू’ या दोन शब्दांना.

हिजड्यांचे हाल त्याहून वेगळे नव्हते. १८७१ च्या ज्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः चोर ठरवले, त्याच कायद्याचा दुसरा भाग त्यांच्यावर होता. उत्तर हिंदुस्थानातल्या प्रांतांत पोलिसांकडे त्यांची यादी ठेवली जाई. यादीतल्या माणसाने बाईचा पोशाख करून रस्त्यावर नाच केला तर दोन वर्षांपर्यंत कैद. १८८४ च्या अलाहाबाद हायकोर्टाच्या निकालात खैराती नावाच्या माणसाची हकीकत आहे. बाईच्या वेशात गाणे म्हणताना दिसला म्हणून त्याला धरले, अंगाची तपासणी केली आणि ३७७ लावले. गुन्हा कधी, कुठे, कोणाशी, काही सांगता येईना. कोर्टाने त्याला सोडले, पण त्याची बेअब्रू भरून कोण देणार?

ही अलाहाबादची गोष्ट सुप्रीम कोर्टाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आली आहे आणि त्या निकालात आपल्या ठाण्याचाही वाटा आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जी याचिका केली, तीत ठाण्यात जन्मलेल्या आणि वाढलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी सामील झाल्या. लहानपणापासून सोसलेली हेटाळणी त्यांनी कोर्टापुढे मांडली. त्यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन २०१२ साली मराठीत आले. पुढे त्यांनी किन्नर आखाडा काढून महामंडलेश्वरपद घेतले. तो रस्ता आम्हाला पटणारा नाही आणि ते आम्ही लपवत नाही. पण घरच्यांनी आपल्याला तोडले नाही, हे त्या जाहीरपणे सांगत आल्या आहेत आणि ते ऐकण्यासारखे आहे. घराने धरून ठेवलेले मूल कुठवर जाते, ते दिसते. त्या निकालाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंग म्हणून मान्यता दिली आणि त्यांना मागासवर्गीय धरून शिक्षण-नोकरीत आरक्षण द्या असे सरकारांना सांगितले.

इथे आपल्या घरांना एक पेच आहे. तृतीयपंथी म्हणून सरसकट इतर मागासवर्गात टाकले, तर बौद्ध घरातल्या अशा मुलाच्या अनुसूचित जातीच्या दाखल्याचे काय? त्याला जातीचा जाच सुटलेला नाही आणि दुसरा जाच वरून पडला आहे. तामिळनाडूच्या ग्रेस बानू या दलित पारलिंगी कार्यकर्त्या म्हणून समांतर आरक्षण मागतात. बायकांना जसे प्रत्येक प्रवर्गाच्या आत आरक्षण असते तसे. कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. महाराष्ट्रात पोलीस भरतीचा अर्ज भरायला साधा रकाना हवा, यासाठीदेखील डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाला सरकारचे कान उपटावे लागले. राजकारणात दिशा पिंकी शेख यांचे नाव घेतले पाहिजे. श्रीरामपूरकडच्या या कवयित्री. वंचित बहुजन आघाडीने २०१९ साली त्यांना प्रवक्तेपद दिले. टाळी वाजवून मागणारा हात माईक धरून पक्षाची भूमिका मांडू लागला, हे आपल्याच चळवळीत घडले.

३७७ चा शेवट कसा झाला, तेही थोडक्यात पाहू. २ जुलै २००९ रोजी दिल्ली हायकोर्टाने सज्ञान व्यक्तींच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते ते रद्द ठरवले. निकाल लिहिणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, आपल्या सोलापूरचे. आधार काय घेतला? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलेली संवैधानिक नीती. ती माणसात आपोआप उगवत नाही, रुजवावी लागते, असे बाबासाहेब म्हणाले होते. बहुसंख्यांना जे आवडते ती नीती आणि संविधान सांगते ती नीती यांत फरक पडला तर कोर्टाने संविधानाची बाजू घ्यायची, असा तो निकाल आहे. त्यात कलम १५ चे दुसरे पोटकलमही येते. दुकान, हॉटेल, विहीर, तळे, रस्ता इथे कोणा नागरिकाने दुसऱ्या नागरिकाला अडवायचे नाही, असे ते सांगते. ते कलम वाचताना चवदार तळे डोळ्यांपुढे येत नाही असा बौद्ध माणूस विरळा. महाडचे पाणी तिकडे दिल्लीच्या कोर्टात दुसऱ्याच कोणाच्या तहानेला उपयोगी पडले.

सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी तो पुन्हा उभा केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखे कलमच ठेवलेले नाही. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. ते संसदेने ठरवावे असे कोर्ट म्हणाले. म्हणजे दोन पुरुष किंवा दोन बाया जन्मभर एकत्र राहिल्या तरी लग्नाचा दाखला नाही आणि पतीपत्नीला आपोआप मिळणारा वारसाही नाही. ज्याच्या नावावर खोली, त्याचे भाऊबंद येऊन कुलूप लावणार.

प्रश्नोत्तरांवरचा राग मात्र गेलेला नाही. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतले लैंगिक शिक्षण बंद केले, संस्कृती बिघडते म्हणून. नोव्हेंबर २०२१ मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. वर्गात पारलिंगी मूल असेल तर त्याला सांभाळायचे कसे, कोणत्या संडासात जाऊ द्यायचे, चिडवणाऱ्यांना आवर कसा घालायचा, अशा साध्या गोष्टींची. तक्रारी झाल्या आणि थोड्याच दिवसांत पुस्तिका मागे घेतली. १९३४ चे तेच दुखणे. प्रश्न आहे, उत्तरही तयार आहे, फक्त ते कोणाच्या कानावर पडू द्यायचे नाही.

आता कोर्टातून घरी येऊ. कळवा, मुंब्रा, कोळसेवाडी, शहाड, अंबरनाथ. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, पाच-सहा माणसे. अशा घरात वीस वर्षांच्या मुलाला खाजगी असे काय असते? कपड्यांची ट्रंकही सगळ्यांची एक. त्याचे मन मुलींकडे वळत नाही हे त्याला पंधराव्या वर्षीच कळलेले असते. सांगायचे कोणाला? चाळीत चालण्यावरून, हातवाऱ्यांवरून ‘बायल्या’ नाव पडलेले असते. शाळेत मार, संडासच्या लाईनीत टिंगल. लोकलच्या डब्यात हिजडा टाळी वाजवत आला की आपण खिडकीबाहेर बघतो आणि पोरांना पुढे ओढतो. त्या डब्यात आपल्याच समाजाचे एखादे घर सोडून आलेले मूल टाळी वाजवत नसेल कशावरून?

आईबापांचे ठरलेले औषध म्हणजे लग्न. ‘एकदा बायको आली की सुधारेल.’ विहारात जयमंगल अष्टगाथा म्हटली जाते, दोन्हीकडचे नातेवाईक जेवतात आणि एका निष्पाप मुलीच्या गळ्यात आयुष्यभराचे कोडे पडते. नवरा तोंड फिरवून झोपतो. सासू विचारते, पाळणा का हलत नाही. दोष सुनेचा! मुलींची गत आणखी वाईट, कारण त्यांना नाही म्हणायचीही सोय नसते. कोणी तिसऱ्या शीलाचे नाव घेऊन असल्या मुलांना पापी म्हणतो. त्याला आमचा एवढाच सवाल आहे की मुलाचे मन दुसरीकडे आहे हे ठाऊक असून, ते लपवून, दुसऱ्याची लेक घरात आणणे कोणत्या शीलात बसते?

काहीजण डॉक्टरकडे नेतात, काही मांत्रिकाकडे. मांत्रिकाविषयी बोलायचीही गरज नाही, ते दार आपण १९५६ सालीच बंद केले. डॉक्टरांपुरते ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलिंगी ओढ आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हा आजार नव्हे असे जाहीर केले. ओढ बदलून देतो म्हणणारा उपचार हे डॉक्टराचे गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली सांगितले. तेव्हा कोणी शॉक देऊन किंवा इंजेक्शनाने पोरगा ‘नीट’ करून देतो म्हणाला, तर त्याला पैसे न देता त्याचे नाव लिहून घ्या.

मारून घराबाहेर काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१९ साली पारलिंगी व्यक्तींच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात असे मूल केवळ पारलिंगी आहे म्हणून कोर्टाच्या हुकमाशिवाय आईबापांपासून तोडायचे नाही, असे कलम घातले गेले. पारलिंगी माणसाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूदही त्यात आली. त्या कायद्यावर तृतीयपंथीयांचे पुष्कळ आक्षेप राहिले. आपली ओळख सांगायला कलेक्टरचा दाखला कशाला, हा त्यातला मोठा. तरी घरातून हाकलणे हा गुन्हा आहे, एवढे तरी आपल्या प्रत्येक वस्तीत माहीत असायला हवे.

आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत ही अडचण असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि मुलाला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर आपण बौद्धही अनुसूचित जातीत येतो, तेव्हा हा हक्क आपल्याला आहे. ठाण्यात जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, कल्याणच्या कोर्टात तालुका समिती आहे. जाताना जातीचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स बरोबर ठेवा. मुलाला किंवा मुलीला एकटे पाठवू नका. घरातले कोणीतरी, आई असेल तर उत्तमच, सोबत जाऊ द्या.